जपानी शिकवताना 'नोमानाक्या' आधी की 'नोमानाकेरेबा नारिमासेन'?

धागाकर्ता:
माझं ठाम मत आहे की पहिले सहा महिने बोलीतली आखूड रूपं विद्यार्थ्याला दाखवूच नयेत. 'औषध घ्यायला हवं' हे पूर्ण रूपात 'कुसुरि ओ नोमानाकेरेबा नारिमासेन'. घरात बोलताना त्याचं 'कुसुरि नोमानाक्या' एवढंच उरतं: कर्माचा 'ओ' गळतो, 'केरेबा'चं 'क्या' होतं, 'नारिमासेन' तर येतच नाही. पूर्ण रूप पक्कं नसेल तर हेच 'नाक्या' निबंधात उतरतं.

जपानीवेडा:
साफ असहमत. तुमचं 'पूर्ण रूप'ही निबंधाचं नाही! वाक्याअखेरचा 'देसु-मासु' (तुमचं 'मासेन' त्यातलंच) हा समोरच्याशी अदबीने बोलण्याचा बाज. दुकानात, ऑफिसात, पत्रात तो शोभतो. निबंध, अहवाल, बातमी यांत 'दा' किंवा 'देआरु', म्हणजे इथे 'नोमानाकेरेबा नारानाइ'. तीन वाक्यं 'मासु'त आणि चौथं 'देआरु'त, ही चूक वहीवहीत सापडते. आणि आखुडीकरणाला घाबरायचं कशाला? आपण 'करत आहे' लिहितो, 'करतोय' बोलतो. 'शिते इरु'चं 'शितेरु' मराठी मुलाला लगेच कळतं.

धागाकर्ता:
'शितेरु' मान्य. पण 'ओ' गळतो म्हटलं की मुलं दिसेल तो प्रत्यय गाळतात. 'वाताशि गा यारु' म्हणजे 'मीच करते'. 'गा' काढलात की तो 'च' गेला. आणि 'टोक्यो कारा' म्हणजे 'टोक्योहून', त्यातला 'कारा' तर बोलतानाही गाळता येत नाही.

व्याकरणकट्टा:
दोघंही वाक्याच्या शेवटावर आणि प्रत्ययांवर अडलात. खरी गफलत वाक्यं जोडताना होते. 'पुस्तक वाचून...' हे बोलताना 'होन ओ योन्दे', लेखात 'होन ओ योमि'. हा नियम सरसकट लावला की मुलं फसतात. 'शिते इते'चं ('करत असून') 'शिते इ' होत नाही, कारण 'इरु'चं उरलेलं एकटं 'इ' तिथे टिकत नाही. त्याऐवजी त्याच अर्थाचं 'ओरु' घेऊन 'शिते ओरि' लिहावं लागतं. 'शिनाइदे'चं ('न करता') 'सेझु' होतं, 'शिझु' नव्हे. शिवाय 'केदो'च्या ('पण') जागी 'गा', 'दाकारा'च्या ('म्हणून') जागी 'शितागात्ते'. हा 'गा' वर सांगितलेल्या कर्त्याच्या 'गा'हून वेगळा, त्याचा अर्थ 'पण'. हे सगळं 'देआरु'सोबत एकाच धड्यात हवं. नुसता शेवट बदललेला निबंध लगेच ओळखू येतो, मधली वाक्यं बोलीतलीच राहतात.

जपानीवेडा:
हे पटलं. तरी जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत, लिहायचा भाग नाही, ऐकायचा आहे, आणि वरच्या पातळ्यांवर मित्रांच्या संवादात 'नाक्या' येतं. कान आधीच तयार हवा.

धागाकर्ता:
ऐकवायला माझी हरकत नाही. वहीत मात्र ते रूप वर्षभर नको.