हेराक्लियसच्या फॉलिसवरील दुहेरी छाप

बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट हेराक्लियसच्या फॉलिस या तांब्याच्या नाण्यावर अक्षरे एकमेकांत घुसलेली दिसतात, म्हणून ते नाणे सदोष समजावे, हे मत मला पटत नाही. पर्शियाशी दीर्घकाळ चाललेल्या युद्धाने (६०२–६२८) तिजोरी आटली होती आणि टांकसाळीत फोकाससारख्या आधीच्या सम्राटांच्या नाण्यांवरच नवा छाप मारला जात असे. नाणे तिरप्या उजेडात फिरवल्यास ४० नुम्मींचे (नुम्मी म्हणजे तेव्हाचे सर्वांत लहान चलन) मूल्य दाखवणाऱ्या मोठ्या ‘एम’ अक्षराच्या आजूबाजूला कधी कधी जुन्या सम्राटाच्या नावाची एक-दोन अक्षरे स्पष्ट वाचता येतात. सॉलिडस या सोन्याच्या कोऱ्या करकरीत नाण्यापेक्षा मला असे नाणे अधिक मोलाचे वाटते. मात्र ते आम्लाने कदापि साफ करू नये, कारण वरच्या हिरवट थराबरोबर हा पुसटसा जुना छापही नष्ट होऊ शकतो.