मदत हवी आहे: इंजिन तापलं की जुनी बाईक बंद पडते

नमस्कार मंडळी. गाडी जुनी, फोर-स्ट्रोक, सिंगल सिलिंडर, पॉइंट्सवाली (म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क असलेली). थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. इंजिन नीट तापलं की आचके देत बंद. थोडा वेळ उभी ठेवली की जणू काही झालंच नाही!

पेट्रोलचा संशय फेडून घेतलाय. टाकीचं झाकण सैल ठेवून चालवली, तरी तेच. कार्बोरेटर साफ आहे. बंद पडल्यावर प्लगची ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसते. थंडपणी निळी, कडक. प्लग बदलून फरक नाही. पॉइंट्सचा गॅप ०.३५ मिमी ठेवलाय, पण त्यांवर काळपट चट्टे पडतात, म्हणून माझा पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंट्सना जोडलेला, त्यांना जळण्यापासून वाचवणारा कपॅसिटर). मात्र इग्निशन कॉइलही (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी) तापल्यावर असाच दगा देऊ शकते.

थंड कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर ठीक येतो. तापल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स थोडा वाढणारच, मग बिघाड ओळखायचा कसा? कॉइल घरी सुरक्षितपणे तापवून कुणी तपासली आहे का? कंडेन्सरचा दोष कपॅसिटन्स मोजून कळतो, की सरळ नवा लावून बघावा? दोन्ही एकदम बदलायचे नाहीत, नाहीतर खरा चोर सापडणारच नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) अजून तपासलेले नाहीत. ठिणगीच अशी असताना त्यांचा संबंध असेल का?