कसारा नक्की कशावर वाढलं?

ठाणे_पूर्व: शाळेच्या प्रदर्शनासाठी जिल्ह्यातल्या रेल्वेगावांचे तक्ते करतोय. कसाऱ्याला मोठी बाजारपेठ नाही, कारखाना नाही, तरी नाव सगळ्यांना ठाऊक. ‘१८५३ला रेल्वे आली म्हणून गाव वाढलं’ असं लिहिलं तर चालेल?

घाटपायथा: नाही चालणार. १६ एप्रिल १८५३ला गाडी फक्त ठाण्यापर्यंत आली. कल्याण १८५४, वाशिंद १८५५, आसनगाव १८६०, कसारा १ जानेवारी १८६१. थळ घाट (म्हणजे कसारा घाट) चढून रूळ इगतपुरीला पोचले ते १ जानेवारी १८६५ला. मधली चार वर्षं तक्त्यात ठळक दाखवा. तेवढा काळ लाइन इथेच संपत होती, म्हणजे पुढे जाणारा माल इथे गाडीतून उतरवून बैलगाड्यांवर चढवावा लागे. आग्रा रस्ता शेजारूनच जातो.

बँकर_३७: तेवढ्यावर गाव टिकलं नसतं हो. टिकलं ते चढामुळे. घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे किलोमीटरमागे साधारण २७ मीटर. गाडी १,२०० टनांची धरली तर नुसतं तिचं वजनच सुमारे ३२ टनांच्या जोराने मागे खेचतं. सगळा भार पुढच्या इंजिनावर टाकला तर ताण पहिल्या कपलिंगवर (इंजिन-डब्यांच्या जोडावर) येतो आणि ते तुटायची भीती. म्हणून कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, जोडतात आणि इगतपुरीला ते काढतात. जोडणी करा, ब्रेकचा दाब बघा, यात गाडी उभी राहते, आणि उभ्या गाडीवर चहा-वडे खपतात. वाफेच्या इंजिनांना पाणीही लागे.

एक चूक हमखास होते. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’. त्यामुळे इथे घाट चढते ती डाउन आणि उतरते ती अप! बाण काढताना सांभाळा.

ठाणे_पूर्व: मग मोठी इगतपुरी का झाली, कसारा का नाही?

घाटपायथा: १९३०ला विजेची लाइन कल्याणहून इगतपुरीपर्यंतच गेली, १,५०० व्होल्ट डीसी. तिथून पुढे दुसरं इंजिन, आणि ही अदलाबदल कित्येक दशकं चालली. इंजिन बदलायचं तर शेड हवी, ड्रायव्हर-गार्डना रनिंग रूम (विश्रांतीची जागा) हवी, क्वार्टर्स हवेत. घाट उतरण्याआधीची ब्रेक तपासणीसुद्धा वरच. कसाऱ्याच्या वाट्याला आला फक्त थांबा, आणि नंतर लोकलचं शेवटचं स्टेशन.

बँकर_३७: जुने आकडे हवे असतील तर ठाणे गॅझेटियर, खंड १३, १८८२, दोन भागांत आहे. इगतपुरी त्यात शोधू नका, ती नाशिकच्या खंडात. नकाशाला सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ ई मालिका घ्या. ५०,०००ला १ या प्रमाणात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. समोच्च रेषा मोजल्या की चढ मुलांना बोटाने दाखवता येईल.