मिलानहून ट्रेनने एका दिवसाच्या सहली: आईला ग्लुटेन चालत नाही

विषय: मे महिन्यात आईबाबा येतायत, सल्ला हवा
लाम्ब्रातेहून

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या शेवटी माझे आईबाबा साताऱ्याहून येतायत, चांगले महिनाभर राहणार आहेत. आईला गेल्या वर्षी सीलिअ‍ॅक निघाला. म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने तिच्या आतड्यांना इजा होते. त्याआधी कितीतरी दिवस ‘पित्ताचा त्रास’ आणि ‘अंगात रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्याच चालू होत्या. शेवटी रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी झाली तेव्हा खरं कारण कळलं. चपाती बंद झाली, पण ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, त्यामुळे घरात अडत नाही. बाहेर मात्र ती पाण्याशिवाय कशालाच हात लावत नाही. लग्नकार्यालासुद्धा घरून जेवून जाते.

परवा फोनवर म्हणाली, “मी आपली घरी थांबेन, तू बाबांना फिरवून आण.” मला ते अजिबात नको आहे. पहिल्यांदा परदेशात येतेय ती.

आमच्याकडे गाडी नाही. ट्रेनने सकाळी निघून संध्याकाळी परत, एका बाजूला दोन तासांच्या आत, अशा जागा सुचवाल का? दोघंही शाकाहारी आहेत. आईचे गुडघे फार चढ-उतार सहन करत नाहीत. आणि तिने कुठेतरी बसून गरम जेवावं, डब्यावर दिवस काढू नये, अशी माझी फार इच्छा आहे.

उत्तर: मे महिन्यात आईबाबा येतायत
मोन्झाहून

अगं, आधी आईला एवढं सांग की ती सीलिअ‍ॅकसाठी युरोपातल्या फार समजूतदार देशात येते आहे. माझी लेक इथल्याच शाळेत वाढली, तिचं निदान पहिल्या इयत्तेत झालं. २००५च्या १२३ क्रमांकाच्या कायद्याने इथे शाळा, दवाखाने आणि सरकारी कँटीनमध्ये मागितल्यावर ग्लुटेनफ्री जेवण द्यावंच लागतं. निदान झालेल्यांना दर महिन्याला अशा पदार्थांसाठी सरकारकडून ठरावीक रक्कम मिळते. २०२३मध्ये तर लहान मुलांची सीलिअ‍ॅकसाठी देशभर तपासणी करायचा कायदा झाला. त्यामुळे हॉटेलात जाऊन “सोनो चेलियाका” (मला सीलिअ‍ॅक आहे) म्हटलं, की वाढणारा पोरगा तोंड वाकडं करत नाही. बहुतेकदा त्याच्या घरातही कुणीतरी असतं.

आता सहलींचं. माझा अनुभव असा की गाव निवडताना बघण्यासारखं काय आहे हे नंतर बघावं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या काय खात आली ते आधी बघावं. जिथे तांदूळ आणि मका हेच रोजचं अन्न, तिथे तुमच्यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. शेजारच्या टेबलावर जे येतं तेच आईच्या ताटात येतं. तुझ्या आईला त्याचीच जास्त गरज आहे असं मला तुझ्या मेलवरून वाटलं. वेगळ्या पाकिटातला कोरडा ब्रेड समोर आला की माणूस पुन्हा आजारी असल्यासारखा बसतो.

म्हणून पहिली सहल व्हेर्चेल्लीची. तोरिनोकडे (ट्युरिनकडे) जाणाऱ्या रिजनल गाडीने साधारण तासाभरात पोचता. एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत तिथली भातखाचरं पाण्याने भरलेली असतात. नोव्हारा सोडलं की दोन्ही खिडक्यांतून बांधांनी आखलेलं पाणीच पाणी दिसतं. स्वच्छ दिवशी मागे आल्प्सचा बर्फ, मोंते रोझा. बाबांना कालव्यांची आवड असेल तर सांग की ही खाचरं ज्या कावूर कालव्यावर पोसली गेली तो १८६३ ते १८६६ अशा अवघ्या तीन वर्षांत खणला, पो नदीचं पाणी किव्हास्सोहून वळवून. आणि आईला सांग की याच खाचरांत ओणव्याने भात बेणणाऱ्या बायकांनी, त्यांना मोंदीने म्हणतात, १९०६मध्ये संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. आमच्या मावळातल्या आजीला मी हे सांगितलं होतं, तर तिने कितीतरी वेळ त्या बायकांचीच चौकशी केली.

स्टेशनासमोरच सांत आंद्रेआची जुनी बासिलिका आहे, १२१९मध्ये बांधायला घेतलेली. चढण शून्य. जेवायला तिथली प्रसिद्ध पानिस्सा मागवू नका, तांदूळ आणि राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांत सलामी (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असते. मेमध्ये शतावरीच्या कोंबांचा, म्हणजे अ‍ॅस्पॅरॅगसचा रिझोत्तो, म्हणजे रश्श्यात शिजवलेला मऊ भात, सगळीकडे मिळतो, तो घ्या. पण दोन प्रश्न विचारायचेच. ब्रोदो, म्हणजे रस्सा, भाज्यांचा आहे की मांसाचा? आणि तो घरचा आहे की विकतच्या सुक्या वडीचा? काही वड्यांमध्ये ग्लुटेन असतं. मिलानच्या पिवळ्या रिझोत्तोतही केशराबरोबर बहुतेक वेळा मांसाचा रस्सा आणि हाडातली मज्जा असते, हे दोघांसाठी लक्षात ठेव.

दुसरी बेर्गामो. मिलानच्या चेंत्राले स्टेशनहून पाऊण-एक तास. स्टेशनबाहेरून एक नंबरची बस थेट वरच्या जुन्या शहरात जाते, गुडघ्यांना त्रास नाही. तिथे पोलेंता तारान्या खायला घाल: मक्याचं आणि कुट्टूचं पीठ ढवळत ढवळत शिजवून त्यात लोणी आणि चीज घोळवलेलं. वर मशरूम. आईला हे नक्की आवडेल. मात्र ‘पोलेंता ए ओझेई’ नावाचा जो पिवळाधमक गोड पदार्थ प्रत्येक दुकानाच्या काचेत मांडलेला असतो त्याला फसू नका. दिसायला पोलेंता, आत मैद्याचा स्पंज केक. त्यापेक्षा जेलातो घ्या. स्त्राच्चातेल्ला हा स्वाद याच गावात १९६१मध्ये जन्मला. कोनात नाही, कपात घ्यायचा, आणि कोनाला न लागलेल्या स्वच्छ चमच्याने द्यायला सांगायचं. (दोघं रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवायला वापरतात ते विरजण, तेही टाळत असतील तर इथली जुनी चीजं बहुतेक प्राण्यांच्या रेनेटची असतात, ते आधीच बोलून घे.)

जेनोव्हाबद्दल मी जरा सावध आहे. सगळे सांगतील, फारिनाता खा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, आपल्या धिरड्याच्या फार जवळचं. पदार्थ म्हणून अगदी निर्धोक. पण ती लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच भट्टीत, त्याच सुरीखाली फोकाच्चा, म्हणजे गव्हाचा चपटा पाव, असतो. सीलिअ‍ॅक असणाऱ्याला पिठाचा तेवढा कणही पुरतो. युरोपात ग्लुटेनफ्री म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, यावरून अंदाज कर. फक्त भट्टी वेगळी असलेलं दुकान सापडलं तरच.

दुकान कसं शोधायचं? इटलीच्या सीलिअ‍ॅक संघटनेचं, एआयसीचं अ‍ॅप आहे. त्यांनी प्रशिक्षण दिलेली हॉटेलं, पिझ्झेरिया, आइस्क्रीमची दुकानं नकाशावर दिसतात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून टेबल सांगून ठेवायचं. आणि बाराला नाहीतर साडेबाराला जेवायला बसायचंच. अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. मधल्या वेळात बारमध्ये जे मिळतं ते सगळं पावात घातलेलं.

आईला एकटीने विचारता यावं म्हणून एक वाक्य कागदावर देवनागरीत लिहून दे: “सोनो चेलियाका. उना पेंतोला पुलीता, पेर फावोरे.” म्हणजे मला सीलिअ‍ॅक आहे, स्वच्छ भांडं वापरा. माझी लेक सात वर्षांची असल्यापासून हे स्वतः म्हणते. आपण तिच्यासाठी बोलत राहिलो असतो तर ती आजही माझ्याशिवाय बाहेर जेवली नसती.

उत्तर: मे महिन्यात आईबाबा येतायत
सेस्तोहून, गाड्यांबद्दल

ताईंनी जेवणाचं सांगितलं, मी गाड्यांचं सांगतो.

कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारल्याशिवाय चढायचं नाही. फोनवर त्रेनितालियाचं रिजनल तिकीट असेल तर बसण्याआधी चेक-इन करा. दंड होतो तेव्हा ‘पाहुणे आहेत’ हे कुणी ऐकत नाही.

दुसरं, संप. मेमध्ये शुक्रवारच्या आसपास बातम्या बघत जा. संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल-रिजनल गाड्या धावतात. मधल्या वेळात अडकलात तर स्टेशनावरचं खाणं आईच्या कामाचं नाही. म्हणून ताई म्हणतात तसं गरम जेवा, पण एक वेळचा कोरडा खाऊ पिशवीत असूच द्या. तांदळाच्या चकत्या, फळं, चीज कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, ‘सेन्त्सा ग्लूतिने’, म्हणजे ग्लुटेनशिवाय, लिहिलेलं वेगळं कपाटच असतं.

कोमो सरोवरासाठी कोमो गावापेक्षा व्हारेन्नाला न्या. तिरानोच्या गाडीने तासाभराचा प्रवास, लेक्को सोडल्यावर डावीकडे बसा, पाणी अगदी खिडकीशी येतं. तिथे मासे खाणाऱ्या मंडळींनीही लक्षात ठेवावं, सरोवरातल्या पेर्चचे काप भातावर देतात ते आधी पिठात घोळवलेले असतात.

त्याच गाडीने शेवटपर्यंत, तिरानोला, अडीच तास लागतात. तिथून आल्प्समधून स्वित्झर्लंडला जाणारी बेर्निनाची लाल गाडी २००८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुमची दोन तासांची मर्यादा मोडते, तरी एकदा विचार करा. फक्त तिकडचे पित्सोक्केरी, म्हणजे रुंद पट्ट्यांचा पास्ता, कुट्टूचे म्हणून विकतात, पण त्यात नेहमी गव्हाचं पीठही घालतात. पाटीवर कुट्टू वाचून आईंनी मागवले तर घोटाळा होईल.

आणि पाव्हिया राहिलं! एस १३ लोकल गारिबाल्दी, रेपुब्लिका, रोगोरेदो करत जाते. वाटेत चेर्तोझा दी पाव्हिया स्टेशनवर उतरा. १३९६मध्ये पाया घातलेला मठ, भोवती पुन्हा भातशेती. सोमवारी बंद. स्टेशनपासून भिंतीच्या कडेने दीडेक किलोमीटर सपाट चालायचं आहे, गुडघ्यांचं तुम्ही ठरवा. तिथला ‘चेर्तोझीना’ रिझोत्तो शाकाहारी नाही, त्यात गोड्या पाण्यातली कोळंबी, कधी बेडूक असतो.

उत्तर: मे महिन्यात आईबाबा येतायत
बोव्हिसाहून

एक राहिलंय, आणि ते इटालियन नाही, आपलंच आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे राहवत नाही.

आईंच्या पिशवीतून जे येईल ते तपासा. बाजारातला डबीतला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. तांदळाच्या पिठातला, डबीवर तसं लिहिलेला घ्या किंवा शुद्ध खडा. मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो. थालिपीठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतोच. आणि ज्वारीचं पीठ गावच्या गिरणीतून दळून आणणार असतील तर त्याआधी त्याच जात्यातून कुणाचा तरी गहू गेलेला असतो. ‘मी गहू खातच नाही, तरी पोट का बिघडतं’ याचं उत्तर पुष्कळदा गिरणीत असतं. राजगिरा, शिंगाडा, वरी या उपवासाच्या पिठांनाही हेच लागू. घरी स्वच्छ धुतलेल्या मिक्सरवर दळा किंवा इथे आडवी रेघ मारलेल्या कणसाचं, म्हणजे ग्लुटेनफ्रीचं, चिन्ह असलेली पाकिटं घ्या.

इथे शाकाहारी पाहुण्यांनी सेइतानपासून दूर राहावं. मांसाऐवजी म्हणून आवर्जून पुढे करतात, पण तो निव्वळ गव्हाचा ग्लुटेन असतो. फार्रोची कोशिंबीर भातासारखी दिसते, तो गहूच. आणि बारमध्ये ओर्झोची, म्हणजे जवाची, कॉफी त्याच मशीनवर काढतात का ते विचारा.

कुणाला सीलिअ‍ॅक नसून गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांनी ‘सेन्त्सा ग्लूतिने’वर थांबू नये. काही ब्रेडमध्ये ग्लुटेन काढून घेतलेला गव्हाचा स्टार्च असतो. सीलिअ‍ॅकला तो चालतो, अ‍ॅलर्जीला नाही. पाकिटामागे ‘फ्रुमेंतो’, म्हणजे गहू, हा शब्द शोधायचा.

उत्तर: मे महिन्यात आईबाबा येतायत
लाम्ब्रातेहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला हे सगळं वाचून दाखवलं. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर तिने बाबांकडून वाचून घेतलं, गहू निघाला. वर्षभर रोज फोडणीत तोच पडत होता! डॉक्टरांनी गहू बंद करा एवढंच सांगितलं होतं, हिंगाचा विषयच निघाला नव्हता. बोव्हिसाच्या ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर तो हिंग इथेही आला असता. मेतकूट तिने शेजारी देऊन टाकलं. पिठं मी इथेच घेणार.

व्हेर्चेल्ली पक्कं. तिला त्या भात बेणणाऱ्या बायकांबद्दल अजून ऐकायचंय, मोन्झाच्या काकू, तुम्ही बरोबर याल का? मेचा दुसरा शनिवार धरलाय. अ‍ॅपवर एक जागा सापडली, फोन केला तर समोरच्या बाईंनी मी विचारायच्या आधीच सांगितलं की रस्सा भाज्यांचाच करतील आणि भातासाठी वेगळं पातेलं ठेवतील. साडेबाराचं टेबल सहा जणांचं सांगितलंय, दोन जागा अजून आहेत.

बेर्गामो त्याच्या पुढच्या आठवड्यात. तिरानोचं आईलाच ठरवू दे. “इटलीत भात मिळतो तर मग बघू तुझी लाल गाडी” इथपर्यंत आली आहे ती.

सेस्तोचे काका, व्हेर्चेल्लीची गाडी चेंत्रालेहून घ्यावी की गारिबाल्दीहून? आईला जिने कमी पडतील ते कळवा, म्हणजे तिकिटं काढते.