मदत हवी आहे: नामांतर लढ्यातल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती

जय भीम मंडळी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं ज्यांनी गावात लढा धरून ठेवला, त्यांच्या मुलाखती आम्ही नांदेड जिल्ह्यात घेतोय. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे या लढ्यातल्या शहिदांची नावं घेतली जातात, घ्यायलाच हवीत. पण दलित वस्त्यांवरच्या जाळपोळीनंतर फिर्यादी लिहून देणारे, मोर्चाला भाकरी बांधून देणाऱ्या बायका? त्यांना कोण विचारतं! बहुतेक सगळे सत्तरीपुढचे आहेत.

मोबाईल पुढे केला की आजी पदर सावरून गप्प. चुलीपाशी मात्र भडाभडा बोलतात. मग रेकॉर्डिंग कसं करावं? तेव्हाची पत्रकं, फोटो, अटकेचे कागद कुणाकडे आहेत का? मूळ प्रत नको, स्कॅन पुरे. बिलोली, किनवटकडं कुणी ओळखीचं असेल तर तेही सांगा.