मदत हवी आहे: जुन्या सागवानावर हस्ताक्षर लेझरने कोरून घ्यायचं आहे (मुंबई)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आईची साठी आहे. आजोबांची तिला आलेली पोस्टकार्डं ठेवायला एक लाकडी पेटी करून द्यायची आहे. झाकणावर त्यांच्याच अक्षरातली ओळ हवी: 'चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.' माहेरी आईला सगळे ताईच म्हणतात.

लाकूड घरचंच आहे. गिरगावातली आजोळची चाळ पाडली तेव्हा मामाने खिडकीची सागवानी फळी काढून ठेवली होती. सुताराने रंधा मारल्यावर इतक्या वर्षांनीही तिला सागाचा तेलकट वास आला. पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंमी असतं, म्हणून पेटी आतून १५ बाय १० ठरवली आहे.

अडचण अक्षराची आहे. आजोबा टाकाने लिहायचे, त्यामुळे उभे दांडे जाड आणि शिरोरेघ अगदी बारीक. कार्ड ६०० डीपीआयला स्कॅन करून, पिवळेपणा काढून काळं-पांढरं करून घेतलं. एका दुकानात फळीच्या तुकड्यावर नमुना काढला. दांडे झकास उमटले, पण शिरोरेघ मध्येमध्ये तुटली आणि 'आशीर्वाद'मधला रफार नुसता डाग झाला. दुकानदाराचं म्हणणं, सागात तेल असतं, शिवाय लाकडाच्या रेषा कुठे मऊ कुठे कडक, म्हणून सगळीकडे सारखं जळत नाही. स्टीम बीच (वाफवलेलं बीच लाकूड) घ्या, नाहीतर एखादा चांगला मराठी फॉन्ट वापरा. फॉन्ट मला अजिबात नको. आईला ते अक्षर लांबूनही ओळखता यायला हवं.

तर शिरोरेघ कोरलमध्ये (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) किंचित जाड केली तर अक्षराचं वळण बिघडेल का? की ओळ दोन भागांत तोडून अक्षरंच मोठी घ्यावीत? तिसरा पर्याय म्हणजे झाकणात बीचची पातळ पट्टी बसवून त्यावर कोरणं. मामाला तो पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पॉलिशचाही घोळ आहे. सुतार म्हणतो आधी पॉलिश करा, म्हणजे धुराचे डाग पुसले जातात. दुकानदार म्हणतो कोऱ्या लाकडावर मास्किंग टेप लावून कोरा, पॉलिश मागाहून. सागावर कोणी दोन्ही करून पाहिलंय का?

झाकण सरकतं करायचं मनात होतं, पण पावसाळ्यात फुगून खाचेत अडकलं तर आई जोर लावत बसेल. तेव्हा पितळी बिजागरी लावू असं वाटतंय. सरकतं झाकण कोणाकडे पावसाळ्यात टिकलं असेल तर फट किती ठेवली ते सांगा.

दादर ते ठाण्याच्या पट्ट्यात एकच नग घेणारा, आणि पॉवर-स्पीड बदलून आधी चार नमुने काढून दाखवणारा कोणी माहीत असेल तर जरूर कळवा. नमुन्यांचे वेगळे पैसे द्यायची तयारी आहे.