सारखं बिझनेस क्लासने फिरणाऱ्यांना एअरलाइनने नक्की काय द्यावं?

खिडकीवाला:
माझं मत सरळ आहे. लाउंज, शॅम्पेन, बॅगेला गोल्ड टॅग, सगळं काढून घ्या. वर्षभर महागडी तिकिटं काढणाऱ्याला एकच गोष्ट द्या, फ्लाइट रद्द झाली की लगेच फोन उचलणारा माणूस, आणि त्याला दुसऱ्या एअरलाइनवर सीट काढून द्यायचे अधिकार पाहिजेत, नुसतं "सर आम्ही दिलगीर आहोत" नको. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा लाउंजमधला डोसा खाऊन कोण घरी पोचलं?

ढगातली_बाई:
तुम्ही बहुतेक मुंबई-दिल्लीवाले. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो करा, मधे पाच तास काढा आणि मग सांगा की लाउंजमधला शॉवर नको. आणि स्टार अलायन्स (एअर इंडिया, लुफ्तान्सा वगैरे एअरलाइन्सचा गट) गोल्ड कार्डवाल्याला जादा बॅग नेता येते, दिवाळीत लेकीकडे फराळ नेणाऱ्या आईला विचारा त्याची किंमत. प्रॉब्लेम वेगळाच आहे, आपल्याकडे क्रेडिट कार्डावर अर्धं गाव लाउंजमध्ये. लुफ्तान्साने फ्रँकफर्टला फर्स्ट क्लाससाठी वेगळं टर्मिनलच बांधलंय, सिक्युरिटी तिथेच, विमानापर्यंत गाडी सोडते. तेवढं नको, पण वेगळी खोली तरी द्या!

चक्रमपाणी:
मुळात द्यायचंच कशाला? तिकिटाचे पैसे कंपनी भरते, प्रवासाचे पॉइंट साहेबांच्या खात्यात, त्यांवर फुकट तिकीट काढून साहेब सहकुटुंब बालीला. याला आमच्याकडे कमिशन म्हणतात 😄 आणि फ्लाइट रद्द झाली तर आधी व्हीलचेअरवरच्या आजीला बसवा, मग गोल्ड कार्डवाल्यांचं बघू. लाड केले की काय होतं ते अमेरिकन एअरलाइन्सला विचारा, १९८१ मध्ये अडीच लाख डॉलरला आयुष्यभर फर्स्ट क्लासचा पास विकला, लोक इतके उडले की कंपनी रडकुंडीला आली आणि काहींचे पास शेवटी कोर्टात गेले.

खिडकीवाला:
आजी आधी, मान्य, वादच नाही. पण आजीनंतर तीन सीट उरल्या आणि रांगेत दीडशे लोक, मग कोण? चिठ्ठ्या टाकायच्या का? पुढच्या केबिनच्या भाड्यावर मागची तिकिटं स्वस्त राहतात हेही बघा जरा.

चक्रमपाणी:
हो हो, तुमचे उपकार आहेत आमच्यावर.

नाशिककर_दोहा:
मला दोघांचंही पटत नाही. खरी चीड येते ती नियम मधेच बदलतात त्याची. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइनने स्टेटस (म्हणजे गोल्ड वगैरे दर्जा) आणि लाउंजचे नियम एकदम कडक केले, लोक इतके भडकले की महिन्याभरात थोडी माघार घ्यावी लागली. एअर इंडियानेही २०२४ मध्ये पॉइंट किती मैल उडलात याऐवजी किती पैसे खर्च केले यावर द्यायला सुरुवात केली, म्हणजे स्वस्तात लांबचं तिकीट शोधणारा हुशार माणूस बसला बोंबलत. जे कबूल केलं ते निदान दोन वर्षं टिकवा, बस.

ढगातली_बाई:
आणि बाळंतपणाचं काय? वर्षभर उडलं नाही की स्टेटस खाली. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनकडे पालकांसाठी स्टेटस थांबवून ठेवायची सोय आहे. आपल्या एअरलाइन्सनी आधी ते द्यावं, शॅम्पेन नंतर बघू.

चक्रमपाणी:
हे मात्र पटलं बुवा. पॉइंटचं माझं मत तेच आहे पण.